तिसऱ्या ओळीतला बर्फ

हॉस्पिटलच्या दिवाळी अंकासाठी मी एक पान दिलं, त्यात आमच्या पेशंटचं, कविताचं नाव नाही. गायकवाड सिस्टर आमच्या ड्रेसिंग रूमच्या इन्चार्ज. त्या म्हणाल्या, "मावशी, तुमच्या गॉगलच्या गमती लिहा, लोक हसतील." मी गमती लिहिल्या. सिस्टरनी शुद्धलेखन तपासून पान पुढे दिलं. तेव्हापासून मला चैन नाही. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना एकच मनात येतं, गमती तेवढ्या दिल्या आणि मधलं काढून ठेवलं. ते मधलं या वहीत लिहिते. ही वही कुणाला द्यायची नाही.

मी विठ्ठलवाडीला राहते. माजिवड्याजवळच्या हॉस्पिटलात सोळा वर्षं मावशी आहे. त्यातली बरीच वर्षं ड्रेसिंग रूममध्ये गेली. तिथलं काम आधी लिहायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

भाजलेल्या जखमेवरची पट्टी जखमेला चिकटते. सुकी ओढली तर नवी आलेली कातडी तिच्याबरोबर निघते. म्हणून ती आधी सलाईनने भिजवायची, वाट बघायची आणि मग कडेपासून सोडवत आणायची. सोडवतात सिस्टर. भिजवणं, हात धरणं, बादली सरकवणं माझ्याकडे. सलाईनची बाटली मी कोमट पाण्यात ठेवते आणि पेशंटच्या अंगावर घालायच्या आधी दोन थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघते. हे मला कुणी शिकवलं नाही. तान्ह्या मुलाला अंघोळ घातलेल्या बाईला ते शिकवावं लागत नाही.

आणि तोंडाने म्हणत राहायचं, झालंच, झालंच. तेव्हा निम्मंही झालेलं नसतं. सगळ्या मावश्या असंच म्हणतात. मीही म्हणत आले.

सकाळी ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आला की पेशंट डोळे मिटून घेतात. काही जण झोपल्याचं सोंग करतात. एकजण दर वेळी संडासात जाऊन बसायचा. हे पाहूनच मोठ्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी तो गॉगल मागवला. नाव गॉगल, पण दिसतो डोळ्यांवर डबा बांधल्यासारखा. आत पडदा असतो. मान वळवाल तिकडे चित्र वळतं. वर पाहिलं तर आकाश, खाली पाहिलं तर जमीन. पेशंटला ट्रॉली दिसत नाही, चिमटा दिसत नाही, स्वतःचा हातही दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, दुखणं जात नाही, लक्ष जातं. मी पेशंटना माझ्या पद्धतीने सांगायचे, दुखणं दारात येऊन हाका मारणारच, पण घरात कुणी नसलं तर किती वेळ मारेल?

गॉगल सांभाळायला एक मावशी हवी होती. फिजिओथेरपीच्या मॅडमनी विचारलं, "इंग्लिश वाचता येतं ना थोडं?" मी मान हलवली. मला बोलायला जड जातं, मान हलवणं सोपं. शाळा मी चौथीत सोडली आणि आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. एका इयत्तेने हुकलं. पण गॉगलचं काम मिळालं म्हणजे अर्धा दिवस बेडपॅनपासून सुटका, आणि तोवरच्या चौदा वर्षांत मला कुणी वेगळं असं काही दिलं नव्हतं.

चित्रांची यादी एका टॅबवर यायची, सगळी नावं इंग्रजीत. पहिल्या दिवशी सिस्टरनी बोट ठेवून दाखवलं, ही बाग, हे मासे, हा बर्फ. मी ओळी मोजून ठेवल्या. पहिली बाग, दुसरी मासे, तिसरी बर्फ, चौथी फुगा, ज्यात बसून माणूस आकाशात जातो. भाजलेल्या पेशंटला तिसरी ओळ, हे ठरलेलं. पेशंटला आत काय दिसतंय ते टॅबवर दिसत नाही, फक्त चालू आणि बंद. मी स्वतः गॉगल कधी घातला नव्हता. तो घातला की माणूस हवेत हात फिरवतो, तोंड उघडं टाकतो आणि आजूबाजूचे हसतात. मला चारचौघांत शिंक आली तरी लाज वाटते.

गमती होत्या, खोटं नाही. खाडीकाठच्या गावातली एक आजी होती, उकळत्या पाण्याने पाय भाजलेला. तिला बर्फाचा कंटाळा आला म्हणून मी मासे लावले. सिस्टर पायाची पट्टी सोडवत होत्या आणि आजी माशावर नजर ठेवून म्हणाली, "यो आपले खारीचा मासा नाय गो. विकाला आनलाय का नुसता दाखवाला?" सिस्टरचा हात हसून थांबला. आजी ओरडली, "थांबतेस कनाला, तू तुझा काम कर."

एक हवालदारसाहेब होते, दारातून आत यायला तिरपं व्हावं लागायचं. ड्रेसिंग संपल्यावरही गॉगल काढू देईनात. "थांबा मावशी, दोन मिनिटं." काढला तेव्हा आतला फोम ओला होता. ते म्हणाले, घाम आहे. मी म्हटलं, हो. स्पिरिटने पुसताना मला कळतं. घाम कपाळाकडे लागतो, रडू गालाकडे.

हे दोन्ही त्या पानात आहेत. आता कविता.

कविता वर्तकनगरची, तिशीची. घरी ब्लाउज शिवायची. दूध तापत ठेवलं होतं आणि ती वरच्या फळीवरचा डबा काढत होती. गाऊनची बाही पेटली. उजवा हात बगलेपर्यंत भाजला. मांडीची कातडी काढून हातावर लावली होती.

बाई भाजून आली की तिच्या बोलण्यावर कुणी लगेच विश्वास ठेवत नाही. पोलीस विचारतात, डॉक्टर विचारतात, शेजारच्या खाटेवरची बाई पाण्याचा ग्लास पुढे करून हळूच विचारते, खरं सांग. कविता प्रत्येकाला तेच सांगायची. दूध, डबा, बाही. एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्यावर एकजण मला म्हणाली, "पाठ केल्यासारखं सांगते बघ."

तिची सासू रोज पेज घेऊन यायची आणि भरवायची. वाईट बाई नव्हती, पण तीही भरवता भरवता सुनेच्या तोंडाकडे निरखून बघायची. कविताची मुलगी आर्या पहिलीत. लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत, म्हणून ती दाराच्या काचेतून हात हलवायची आणि कविता डावा हात हलवायची.

पहिली तीन ड्रेसिंग बर्फावर चांगली झाली. चौथ्याच्या आधी गॉगल दुरुस्तीला कंपनीत गेला आणि आठवड्याने परत आला. मॅडम जाता जाता म्हणाल्या, "त्यात नवीन चित्रं पण टाकलीत हं मावशी." मी मान हलवली.

सोमवारी सकाळी मी कविताला गॉगल बांधला, टॅबवर तिसरी ओळ दाबली आणि बाटली घेतली. मनगटावर थेंब टाकले, कोमट होतं. सिस्टरनी कड सोडवायला घेतली. कविता म्हणाली, "आज अंधार आहे हो मावशी."

मी म्हटलं, "बर्फात असतो कधी कधी." मला काय माहीत, असतो का नसतो.

थोड्या वेळाने ती ओरडली. "आग. आग लागली, काढा, काढा मला." उजवा हात सिस्टरच्या हातातून हिसकून तिने डोळ्यांवरचा डबा ओढला. मी टॅबवर बंद दाबलं. तेवढ्यात ट्रॉली आडवी झाली आणि कोपराजवळ लावलेल्या कातडीचा एक तुकडा निसटला. नंतर डॉक्टरांनी तो पाहिला आणि हातमोजे काढले.

सिस्टरनी विचारलं, "मावशी, काय लावलं होतंत?"

"बर्फ. नेहमीचा."

तेव्हा मी खोटं बोलले नव्हते. माझ्या हिशेबाने तिसरी ओळ म्हणजे बर्फच. पण दुपारपर्यंत सगळ्या वॉर्डात झालं, कविताला बर्फात आग दिसते. सासूने पेज भरवली नाही, डबा नुसताच धरून बसली. पाणी देणारी बाई म्हणाली, "मनात असतं तेच डोळ्यांसमोर येतं." मनाच्या डॉक्टरांना चिठ्ठी गेली.

दुसऱ्या दिवशी शिर्के काका आले. डोंबिवलीचे, रिक्षा चालवायचे. साखरेने पाय चिघळला होता. पायाचं काहीही करा, त्यांचं तोंड बंद नसायचं. त्यांनाही बर्फ आवडायचा, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे डोंबिवलीत तेवढी मोकळी जागा बघायला मिळत नाही. मी तिसरी ओळ दाबली. काका मान इकडेतिकडे वळवत राहिले. मग म्हणाले, "आज काय स्पेशल? शेकोटी लावलीत. छान ऊब वाटतेय. बटाटे असते तर भाजले असते."

सिस्टर पायात गुंतल्या होत्या. त्यांना काकांच्या बडबडीची सवय, त्यांनी ऐकलंच नाही. मी ऐकलं.

"काका, कसली शेकोटी?"

"तुम्हीच लावली आणि मलाच विचारता? डोंगर, तंबू, माणसं बसलीत गोल करून. लाकडं चांगली पेटलीत. माझी परीक्षा घेताय काय, साखर डोक्यात गेली का बघायला?"

माझ्या हातातली बाटली बादलीत पडली.

मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. मंगळवार होता. बुधवारी सांगायला हवं होतं. मी ट्रॉली दोनदा पुसली, चादरी मोजल्या, परत मोजल्या. सिस्टर समोर आल्या की तोंड उघडायचे आणि विचारायचे, कापूस काढू का? काय सांगणार होते? की मला वाचता येत नाही आणि दोन वर्षं मी ओळी मोजून लोकांच्या डोळ्यांवर चित्रं बांधतेय? मला काढून टाकतील, ही भीती होतीच. पण खरं लिहायचं तर त्याहून मोठी भीती हसण्याची होती. मॅडम हसतील, दुसऱ्या मावश्या हसतील. मनाशी म्हणायचे, काकांना चुकीचं दिसलं असेल. जे सगळे कविताबद्दल म्हणत होते, तेच मी काकांबद्दल म्हणू लागले.

गुरुवारी दुपारी मी गॉगल पुसायला म्हणून चादरींच्या खोलीत नेला आणि आतून कडी लावली. स्टुलावर बसले. अंबाड्यावर पट्टा बसेना, म्हणून अंबाडा सोडला. तिसरी ओळ दाबली.

आधी अंधार होता. मग डोंगर दिसला, तारे दिसले, तंबू दिसला. माझ्याकडे पाठ करून माणसं बसलेली. त्यातल्या एकाने वाकून काडी लावली आणि लाकडं पेटली. ज्वाळा माझ्या गुडघ्यांपाशी आल्या. मी पाय ओढून घेतले. आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, मी दोन्ही तळवे पुढे करून शेकत बसले होते. मला बरं वाटत होतं. मी गॉगल उपसून काढला. ज्या बाईची कातडी जळली आहे तिच्या डोळ्यांना मी हे बांधलं होतं आणि वर पट्टा घट्ट केला होता. पाण्याचे थेंब मनगटावर बघणारी मी, आणि हे दोन वर्षांत एकदाही स्वतःच्या डोळ्यांवर बघितलं नव्हतं.

तरीही गुरुवारी मी बोलले नाही. अंबाडा बांधला आणि घरी गेले.

शुक्रवारी ड्रेसिंगच्या आधी मी कविताच्या खाटेपाशी बाटली घेऊन उभी होते. सासू सिस्टरना सांगत होती, "आर्याला मी माझ्या मुलीकडे कल्याणला ठेवते. शाळा पण तिथलीच बघू म्हणालेत जावई."

"किती दिवस?" सिस्टरनी विचारलं.

"हिचं डोकं ठिकाणावर येईपर्यंत."

"आई, मी वेडी नाहीये," कविता म्हणाली.

"मी म्हटलं का वेडी? पण उद्या गॅसपाशी उभी राहशील आणि परत काहीतरी दिसलं म्हणजे? पोर घरात असते, कविता. मला झोप नाही लागत."

कविता भांडेल असं मला वाटलं. ती भांडली नाही. खाटेच्या कडेकडे बघत म्हणाली, "ठेवा मग. मलाही आता कळत नाही. तेव्हा गॅसवर दूध होतं का नव्हतं, तेही कळत नाही."

इतक्या लोकांनी विचारूनही तिचं दूध, डबा, बाही हललं नव्हतं. ते माझ्यामुळे हललं.

"आग होती," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. सिस्टर म्हणाल्या, "काय मावशी?"

"गॉगलमध्ये आग होती. खरीच दिसते. यादी बदललीय. मला इंग्रजी वाचता येत नाही, मी ओळी मोजते. तिसऱ्या ओळीत आता बर्फ नाही."

सिस्टरनी टॅब काढला, वाचला आणि खुर्चीवर बसल्या. सासू मात्र माझ्याकडे संशयाने बघत होती. "बाई, तिला सांभाळून घ्यायला बोलताय तुम्ही. मऊ स्वभावाच्या आहात, मला माहितीये."

मी मऊ वगैरे काही नाही. मी गॉगल तिच्यापुढे धरला. "घालून बघा."

तिने स्वतःचा चष्मा काढून सुनेच्या उशाशी ठेवला आणि स्टुलावर बसली. मी पट्टा लावला. "अंधारच आहे," ती म्हणाली. "डोंगर आहे. माणसं बसलीत कुणीतरी. उगाच काहीतरी..." मग तिने दोन्ही हातांनी पदर गोळा केला आणि पोटाशी घट्ट धरला. चुलीजवळ बसलेली बाई धरते तसा.

गॉगल काढल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं नाही, कविताकडे पाहिलं. "मोठी आहे गं," ती म्हणाली. "मी पण ओरडले असते."

कविता रडली नाही. तिने मला विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे."

"हो."

तिने भिंतीकडे तोंड केलं.

आर्या कल्याणला गेली नाही. मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी सिस्टरनी परत मागवली. त्यांनी वर कागद लिहिला, त्यात माझं नाव घातलं आणि स्वतःचंही. बाहेर जिन्यात म्हणाल्या, "पाच मिनिटांचं काम होतं मावशी. तेव्हाच म्हणाला असतात तर मी मराठीत लिहून दिलं असतं." मला काढलं नाही. हसलंही नाही कुणी, आणि ते मला जास्त लागलं, कारण जिची भीती धरून मी तीन दिवस गप्प बसले ती गोष्ट झालीच नाही. मॅडमनी भाजलेल्या पेशंटची यादी वेगळी केली, नावं मराठीत केली. आणि नियम झाला, पेशंटला बांधायच्या आधी मावशीने स्वतः घालून बघायचं. आता मी रोज सकाळी सगळ्यांसमोर घालते.

कविताने पुन्हा गॉगल लावू दिला नाही. पुढची ड्रेसिंग तिने डोळे उघडे ठेवून केली. माझ्याशी बोलायची नाही. एकदा सवयीने माझ्या तोंडून गेलं, "झालंच." ती म्हणाली, "खोटं नका बोलू. झालेलं नाहीये." तेव्हापासून मी काय होणार ते सांगायला लागले. आता भिजवते. आता सिस्टर कोपरापाशी येतायत. आता दुखेल. एवढं बोलायचीही मला सवय नव्हती.

शेवटच्या दोन ड्रेसिंगमधलं एक कोपराचं होतं, निसटलेल्या तुकड्याच्या जागेचं. तिथे परत कातडी लावली होती. सकाळपासून तिचे ओठ पांढरे पडले होते. मी नेहमीप्रमाणे दुसऱ्या पेशंटसाठी गॉगल पुसत होते. ती म्हणाली, "मावशी, त्यात बर्फ आहे का हो अजून?"

"आहे. सकाळी बघितला. लावू?"

"मला नको." ती म्हणाली, "तुम्ही लावा. मी डोळे मिटते. तुम्ही बघून सांगा काय दिसतं ते."

ड्रेसिंग रूममध्ये शिर्के काका पाय वर करून बसले होते, दोन सिस्टर होत्या, दुसरी मावशी होती. मी सिस्टरकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बसा. बाटली दुसऱ्या मावशी धरतील." मी स्टूल ओढून कविताच्या डाव्या बाजूला बसले आणि गॉगल बांधला. काका म्हणाले, "वा, आज मावशींचं ड्रेसिंग." कुणीतरी हसलं. कविताने माझा हात पकडला.

"डोंगर आहे," मी म्हटलं. "सगळा पांढरा. दिवस आहे."

"आग?"

"नाही. कुठेच नाही." मी मान मागे वळवून पाहिलं, खालीही पाहिलं. "मागेही नाही. झाडं आहेत, त्यांच्यावर बर्फ साठलाय. एका फांदीवरून थोडा खाली पडला."

"आवाज आला?"

"नाही आला."

तिची मूठ आवळली. सिस्टरनी कड सोडवायला घेतली असणार. मला कात्री दिसत नव्हती, जखम दिसत नव्हती, कविताचं तोंड दिसत नव्हतं. तिच्या मुठीवरून तेवढं कळत होतं. मी सांगत राहिले, एक वाट आहे, तिच्यावर पावलं आहेत, पक्ष्याची असावीत. बोटं दुखायला लागली. मी हात सोडवला नाही.

"मावशी, किती राहिलं?"

जिभेवर तेच आलं होतं, सोळा वर्षांचं.

"मला दिसत नाही गं," मी म्हटलं. "सिस्टरना विचारते."

सिस्टर म्हणाल्या, अर्धं राहिलंय. कविताने श्वास घेतला. "बरं," ती म्हणाली. "त्या वाटेने पुढे काय आहे ते बघा."